वाचक विचारतात : बाळाला राजघराण्यातले नाव ठेवताना

प्रश्न : पुढच्या महिन्यात आमच्याकडे पाळणा हलेल. मुलगा होवो वा मुलगी, नाव राजा-राणीचे हवे असे आम्हा दोघांच्याही मनात आहे. पण शिवांश, शौर्य, राजवीर ही नावे आता प्रत्येक वर्गात दोन-दोन असतात. नाशिकशी नाते सांगणारे काही सुचवाल का?
– एक दांपत्य, सिडको

उत्तर : ही तिन्ही नावे कानाला राजेशाही लागतात, पण त्यांच्यामागे आपल्या ओळखीचा एकही राजा उभा नाही. तुमच्या घराजवळ मात्र खरी नावे दगडावर कोरलेली आहेत. एका सकाळी पांडवलेणी चढून या.

लेणे क्रमांक ३ च्या ओवरीत सातवाहन घराण्यातली राणी गौतमी बलश्री हिचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली, असे तिचे वर्णन त्यात आहे. मुलाचे, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम सांगताना तो आईची अखंड सेवा करणारा होता हेही नोंदवले आहे. मुलगी झाली तर गौतमी हे आमचे पहिले सुचवणे. गौतमी म्हणजे आपली गोदावरीही, त्यामुळे नाशिकात त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. फक्त एवढे लक्षात असू द्या की राणीचे स्वतःचे नाव बलश्री, आणि गौतमी हे गोत्रावरून आलेले. बलश्री ठेवलेत तरी उत्तमच.

लेणे १० मध्ये दक्षमित्रा भेटते. ही क्षत्रप घराण्यातला राजा नहपान याची मुलगी, उषवदाताची पत्नी. तिने दिलेल्या खोलीचा लेख तिथे आहे. हाक मारायला ‘मित्रा’ सोपे पडते. तिसरे नाव नायनिका. जुन्नरजवळच्या नाणेघाटात ‘देवी नायनिका’ आणि ‘सिरि सातकनि’ अशी नावे कोरलेली आहेत. नागनिका म्हणून जिचे नाव वाचतो ती सातवाहन राणी हीच. इथे हमखास गफलत होते. नावांच्या याद्यांत नयनिका असते, तिचा अर्थ डोळ्यांशी जोडतात. तिचा या राणीशी संबंध नाही. पहिल्या ‘न’ला काना नसेल तर सातवाहनांची राणी हातची गेली.

मुलासाठी कान्हा घ्या. लोक श्रीकृष्णच समजतील, समजू द्यात. पण लेणे १९ च्या लेखात ‘सादवाहन कुळातला राजा कण्ह’ आहे आणि ते लेणे नाशिकच्याच महामात्राने, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याने, करवले होते. सातवाहनांपैकी यज्ञ सातकर्णीचा लेखही याच डोंगरावर आहे. त्यातले यज्ञ हे नाव सुटसुटीत. सिन्नर ही यादवांची जुनी राजधानी. त्यांच्या वंशातल्या जैत्रपालापासून ‘जैत्र’ घेता येते, म्हणजे विजयी.

काही नावे थोर असूनही चालत नाहीत. हाल हा सातवाहन राजा प्राकृत गाथांच्या संग्रहामुळे अमर झाला, पण आजच्या मराठीत ‘हाल’ म्हटले की आधी हालअपेष्टाच आठवतात. सातकर्णीच्या अर्थाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. एखाद्या यादीत त्याचा ठाम अर्थ दिसला, तर त्या यादीतले बाकीचे अर्थही तपासून घ्या.

प्रश्न : सासरे म्हणतात नाव ‘शिवराजे’ ठेवायचे, ‘राजे’ आदराने जोडायचे. नवऱ्याला ‘छत्रपती’ हवे आहे. काय करावे?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : राजे आणि छत्रपती ही पदे आहेत, नावे नव्हेत. शिवरायांनी छत्रपती हे पद ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेकाने धारण केले. ते बाळाच्या दाखल्यावर येऊ नये असे आम्हाला मनापासून वाटते. ‘राजे’ हे एकदा नावाच्या रकान्यात गेले की नावाचाच भाग होते आणि पुढे प्रत्येक कागदावर तसेच्या तसे लिहावे लागते. एका ठिकाणी जोडून, दुसऱ्या ठिकाणी तोडून लिहिले गेले की दोन कागद जुळत नाहीत. दाखल्यावर शिवराज लिहा, घरात राजे म्हणा. सासऱ्यांचेही मन राहील. खरे तर सरळ शिवाजीच का ठेवू नये? जुने वाटते म्हणून लोक टाळतात, आम्हाला टाळण्याचे कारण दिसत नाही.

प्रश्न : नातीचे नक्षत्र हस्त, चरण तिसरे, अक्षर ‘ण’ आले. ‘ण’वरून राणीचे नाव कुठून आणू?
– एक आजी, पंचवटी

उत्तर : आजी, ‘ण’वरून व्यवहारातले नाव सापडणार नाही. अशा वेळी त्याच राशीतले दुसरे अक्षर घेण्याची रीत आहे. हस्ताच्या कन्या राशीत ‘प’ येतो. नाहीतर नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरून आलेले, पत्रिकेपुरते ठेवा आणि बारशाला आत्याने कानात सांगायचे नाव तुमच्या पसंतीचे असू द्या. अहिल्या ठेवायचे असेल तर अक्षरापायी सोडू नका. अहिल्याबाई होळकरांचा चांदवडचा रंगमहाल आपल्याच जिल्ह्यात आहे, नात मोठी झाली की तिला दाखवून आणा.

प्रश्न : रुग्णालयात घरी सोडण्याच्या दिवशीच नाव मागतात. आमचे तर बारसेही झालेले नसते. घाईत दिलेले नाव नंतर बदलता येते का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : घाईत देऊच नका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि रुग्णालयातल्या जन्माची माहिती कळवणे हे रुग्णालयाचे काम. मात्र ही नोंद नावाशिवाय होते. नावाचा रकाना कोरा ठेवायला सांगा. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते; त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. लेखनातली चूक दुरुस्त होते, पण एकदा घातलेले नाव आवडले नाही म्हणून सहजासहजी बदलत नाही.

पुष्कळांचा हेलपाटा इथे होतो : नोंद जन्म झाला त्या ठिकाणी असते, तुम्ही राहता तिथे नव्हे. बाळ पंचवटीतल्या रुग्णालयात जन्मले तर नाशिकरोडच्या विभागीय कार्यालयात चौकशी करून उपयोग नाही. माहेरच्या गावी घरीच बाळंतपण झाले असेल तर ग्रामपंचायतीत जावे लागेल.

हा दाखला जपून करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, वाहन परवाना, मतदार यादी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच लागतो. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या शाळेच्या नि परीक्षेच्या कागदांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आहे. आईच्या नावाने ओळखला जाणारा राजा ज्या नाशिकच्या डोंगरावर कोरलेला आहे, तिथल्या आईबापांना हे नवे वाटू नये. पण नाव ठरवताना चारही शब्द एका ओळीत लिहून, मोठ्याने वाचून पाहा. ‘दक्षमित्रा’नंतर आईचे नाव पाच अक्षरी आले तर फॉर्मचे चौकोन पुरत नाहीत.

इंग्रजी स्पेलिंग आधी घरी कागदावर पक्के करा. यज्ञ हे ‘वाय ए जे एन ए’, ‘वाय ए जी एन ए’ आणि ‘वाय ए डी एन वाय ए’ असे तिन्ही प्रकारे लिहिलेले सापडते. जैत्रच्या शेवटी एकच ‘ए’ ठेवला तरी बाहेरचा माणूस ‘जैत्रा’ वाचणार, ते गृहीत धरा. ठरलेले स्पेलिंग मोठ्या अक्षरांत लिहून अर्जाला जोडा आणि दाखला हातात पडल्यावर खिडकीपासून हलण्याआधी मराठी व इंग्रजी दोन्ही ओळी एकेक अक्षर करून ताडून पाहा.