युरोपची धोरणं ठरताना विद्यार्थ्यांना कोण विचारतं?

प्रश्न: युरोपियन युनियनची धोरणं ठरवताना विद्यार्थ्यांचं खरंच कोणी ऐकतं का, की सगळं फोटोपुरतंच असतं? मी पुण्यात राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या वर्षी मास्टर्सला तिकडे जायचा विचार आहे. आपल्यासारख्याला त्यात काही करता येतं का?

उत्तर:

फोटोही काढतात आणि ऐकतातही. फक्त ज्या खोलीत फोटो काढतात, तिथे सहसा ऐकत नाहीत. मी बेल्जियमच्या फ्लेमिश भागात दोन वर्षं मास्टर्स केलं, त्यातलं एक वर्ष अभ्यासक्रम समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी होतो. तेवढ्या अनुभवावर आणि पुढे केलेल्या वाचनावर लिहितोय.

आधी फोटोवाली खोली उरकून टाकतो. ९ मे २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये ‘युरोपच्या भवितव्याची परिषद’ सुरू झाली, ती बरोबर वर्षभर चालली. चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे सगळ्या सदस्य देशांतून सामान्य नागरिक निवडले, दोनशे-दोनशे जणांचे चार गट केले आणि त्यात एक तृतीयांश जागा १६ ते २५ वयाच्या मुलामुलींना दिल्या. ही अट मला मनापासून आवडली. शेवटी ४९ प्रस्ताव आले. त्यातल्या काहींसाठी युनियनचे मूळ करारच बदलावे लागणार होते. युरोपियन संसदेने तशी मागणीही केली, पण करार बदलायचे ते सरकारांनी, आणि त्यांनी ते गाठोडं माळ्यावर टाकून दिलं.

आता उलट बाजू. इरास्मस हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. एका सेमिस्टरसाठी दुसऱ्या देशात जाऊन शिकायची ही योजना जवळजवळ बारगळली होती. युरोपियन आयोगाने (आजच्या युनियनच्या कार्यकारी मंडळाने) १९८६ च्या सुरुवातीला प्रस्ताव मांडला, पैशांवरून सरकारांची घासाघीस सुरू झाली आणि वर्ष संपता संपता आयोगाने तो मागे घेतला. पॅरिसमध्ये १९८५ साली विद्यार्थ्यांची एक युरोपभर पसरलेली संघटना सुरू झाली होती, आज तिला एगी म्हणतात. तिचा संस्थापक फ्रांक बियांशेरी तेव्हा विशीतला. १९८७ च्या वसंतात या पोरांनी थेट फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांना गाठलं, जेवणाच्या टेबलावर विषय काढला आणि फ्रान्सची भूमिका हलली, असं एगीवाले आजही अभिमानाने सांगतात. जूनमध्ये योजना मंजूर झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. सगळं श्रेय त्या एका जेवणाला देऊ नका. इटलीच्या सोफिया कोर्रादी १९६९ पासून याच गोष्टीसाठी उंबरठे झिजवत होत्या. अमेरिकेत शिकून आल्यावर रोमच्या विद्यापीठाने त्यांचं तिथलं शिक्षण ग्राह्य धरलं नव्हतं, तो राग त्यांनी कामी लावला.

पण माझ्या मते खरी शिकण्यासारखी गोष्ट बोलोन्याची आहे.

जून १९९९ मध्ये २९ देशांचे शिक्षणमंत्री इटलीतल्या बोलोन्यात जमले आणि युरोपभर पदव्यांची रचना सारखी करायचं ठरलं. तुमची तीन वर्षांची बीए आज तिथे फारशी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही, कारण त्यांची स्वतःचीही बहुतेक ठिकाणी तीन अधिक दोन आहे. ती तिथून आली. या बैठकीला विद्यार्थ्यांना रीतसर आमंत्रणच नव्हतं. देशोदेशीच्या विद्यार्थी संघटनांचा एक महासंघ होता, आजचं त्याचं नाव युरोपियन स्टुडंट्स युनियन. त्याच्या लोकांनी आपणहून जाऊन आत शिरकाव करून घेतला. दोनच वर्षांनी, म्हणजे मे २००१ मध्ये प्रागला पुढची बैठक झाली, तेव्हा मात्र त्यांना सल्लागार सदस्य म्हणून हक्काची खुर्ची मिळाली. मधल्या काळात ते घोषणा देत बसले नव्हते. मार्चमध्ये गोथेनबर्गला स्वतःचं अधिवेशन भरवून त्यांनी आपला मसुदा तयार केला होता. प्रागच्या जाहीरनाम्यात उच्च शिक्षण ही सार्वजनिक जबाबदारी आहे आणि विद्यार्थी हे विद्यापीठ समुदायाचे पूर्ण सदस्य आहेत, अशी वाक्यं आली. मंत्र्यांनी सही केलेल्या कागदात विद्यार्थ्यांचा आग्रह दिसतो तो असा.

यापुढे जे झालं ते कुठल्या बातमीत येण्यासारखं नाही. पुढच्या दोन वर्षांनी महासंघाने ‘विद्यार्थ्यांच्या नजरेतून बोलोन्या’ असा अहवाल काढला, मग काढतच राहिले. कुठल्या देशाने काय कबूल केलं आणि प्रत्यक्षात काय केलं, याचा विद्यार्थ्यांनी ठेवलेला हिशेब. २००५ मध्ये मंत्र्यांच्या बर्गनच्या बैठकीत उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेचे समान निकष ठरले. ते लिहिणाऱ्या चार संघटनांपैकी एक हा महासंघच होता. परिणाम असा, की आज युरोपात एखाद्या विद्यापीठाची बाहेरून तपासणी होते तेव्हा पथकात निदान एक विद्यार्थी असावाच लागतो. प्राध्यापकांइतकाच तोही फाइल वाचतो, प्रश्न विचारतो, अहवालावर त्याचंही नाव असतं. आपल्याकडे नॅकचं पथक येणार म्हटल्यावर विद्यार्थ्यांच्या वाट्याला काय काम येतं ते तुम्हाला माहीत आहेच. मी रांगोळी काढणाऱ्यांत होतो.

एक बारकावा लक्षात ठेवा, राज्यशास्त्राचे आहात म्हणून सांगतो. बोलोन्या ही युरोपियन युनियनची योजना नाही. युनियनबाहेरचे देशही तिच्यात आहेत आणि शिक्षण हा मुळात सदस्य देशांचा विषय आहे, ब्रुसेल्सने, म्हणजे युनियनने, फक्त हातभार लावायचा. मुलाखतीत इथे गफलत करणारे खूप असतात.

तिसरा रस्ता कोर्टाचा, आणि तो एकट्याचा. ऑस्ट्रियाचा माक्स श्रेम्स कायद्याचा विद्यार्थी असताना एका सेमिस्टरसाठी कॅलिफोर्नियात होता. २०११ मध्ये त्याने फेसबुककडे माझ्याबद्दल जे काही साठवलंय ते द्या म्हणून अर्ज केला, आणि १,२२२ पानं हातात आली. त्याने पुसून टाकलेला मजकूरही त्यात होता. कंपनीचं युरोपातलं ऑफिस डब्लिनमध्ये, म्हणून तक्रारी आयर्लंडला. प्रकरण लक्झेंबर्गमधल्या युनियनच्या न्यायालयापर्यंत पोचलं आणि ६ ऑक्टोबर २०१५ ला युरोपातली वैयक्तिक माहिती अमेरिकेत पाठवायची ज्या व्यवस्थेवर हजारो कंपन्या विसंबून होत्या, ती व्यवस्थाच रद्द झाली. नंतर आणलेली दुसरी व्यवस्था २०२० मध्ये, पुन्हा त्याच्याच प्रकरणात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मत देता येणार नाही, ते फक्त युनियनच्या नागरिकांना. (२०२४ मध्ये बेल्जियम आणि जर्मनीत १६ वर्षांच्या मुलांनी युरोपियन संसदेसाठी मतदान केलं. तेवीस वर्षांचा मी सुपरमार्केटच्या रांगेत उभं राहून त्यांच्या गप्पा ऐकत होतो.) पण आयोगाच्या खुल्या सल्लामसलतीत मत नोंदवायला नागरिकत्व लागत नाही. आणि बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ चा ८०१ क्रमांकाचा निर्देश (सदस्य देशांनी अमलात आणायचा युनियनचा कायदा) जायच्या आधी वाचाच: आठवड्याला किमान १५ तास काम करायची मुभा, शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला किमान नऊ महिने. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत, त्यांचे नियम वेगळे. हा निर्देश कधी बदलायला निघाला, तर त्यावर बोलायचा हक्क तुमच्याइतका कुणाचाच नसेल.

बाकी सुरुवात खालूनच होते. अभ्यासक्रम समिती, मग विद्यापीठाची विद्यार्थी परिषद, मग देशातली किंवा प्रांतातली संघटना, मग महासंघ. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने थेट निवडणुका बंद झाल्या आणि वर्गात पहिला येणारा प्रतिनिधी व्हायला लागला. २०१६ च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, पण मी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत माझ्या कॉलेजात काही मतपेटी आली नाही. त्यामुळे बेल्जियममध्ये समितीवर जायला कोण तयार आहे असं विचारल्यावर हात वर करायला मला दोन आठवडे लागले.

पहिली बैठक दुपारी साडेचारला होती. थर्मासमध्ये कॉफी, बशीत स्पेक्युलासची बिस्किटं, सात प्राध्यापक आणि आम्ही तिघं. अभ्यासक्रम इंग्रजीतून, पण बैठक डचमध्ये, म्हणून शेजारची वर्गमैत्रीण माझ्या कानात भाषांतर करत होती. मी एकच विषय नेला होता. ऑगस्टमधल्या फेरपरीक्षांचं वेळापत्रक जुलैत लागायचं, तोवर मुंबईच्या विमानाचं तिकीट दीडपट झालेलं असायचं. अध्यक्ष बाईंनी विचारलं, असे किती जण? मी म्हटलं, बरेच. त्या म्हणाल्या, बरेच म्हणजे किती? माझ्याकडे आकडा नव्हता. विषय पुढच्या बैठकीवर गेला. महिनाभरात मी युनियनबाहेरून आलेल्या वर्गातल्या प्रत्येकाला गाठून यादी केली, १९ नावं, प्रत्येकासमोर तिकिटाचा खर्च. यादी दिली, बाईंनी चष्मा लावून वाचली आणि चर्चा चार मिनिटांत संपली. आता वेळापत्रक मेमध्ये लागतं. माझं तिकीट तेव्हा आधीच काढून झालं होतं, दीडपट भावाने.