ॲडमिनची परवानगी मागण्याआधी

प्रिय,

तुझी मेल वाचली. तुझं विंडोज ॲप वापरणाऱ्यांकडे सेटिंग्ज सेव्ह होत नाहीत, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं की होतात. मग मॅनिफेस्टमध्ये (ॲपला कोणते हक्क हवेत हे विंडोजला सांगणाऱ्या माहितीत) ॲडमिनची मागणी कायमचीच टाकून मोकळं व्हावं का, असं विचारलं आहेस. नको टाकूस. ही पळवाट मीही बरीच वर्षं वापरली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

ॲडमिन हक्काने चालणाऱ्या ॲपवर एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही, कारण कमी हक्कांच्या प्रोसेसकडून (चालू प्रोग्रॅमकडून) येणारे असे संदेश विंडोज अडवते. लोकांनी मॅप केलेला, म्हणजे अक्षर देऊन जोडलेला, नेटवर्क ड्राइव्ह ॲपला सहसा दिसतच नाही. ऑफिसात तर आणखी गंमत. वापरणाऱ्याचं अकाउंट साधं असतं, पासवर्ड टाकायला आयटीवाला येतो आणि मग तुझं ॲप त्या आयटीवाल्याच्या नावाने चालतं. ॲपडेटा (प्रत्येक युजरचं ॲपच्या माहितीचं फोल्डर) त्याचा, रजिस्ट्रीतला (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतला) 'करंट युजर'ही तोच. सेटिंग सेव्ह होते खरी, पण भलत्याच्या घरी.

आधी लिहिणं नेमकं कुठे अडतंय ते बघ. सिसइंटर्नल्सचं प्रोसेस मॉनिटर (कोणता प्रोग्रॅम कुठल्या फाइलला हात लावतो ते दाखवणारं साधन) उघड, तुझ्या एक्झीचं, म्हणजे ॲपच्या मुख्य फाइलचं, फिल्टर लाव आणि रिझल्टच्या रकान्यात 'ॲक्सेस डिनाइड' शोध. माझी पैज आहे, एक्झीशेजारी प्रोग्रॅम फाइल्समध्येच ठेवलेली कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल निघेल. विंडोज एक्सपीच्या काळात बहुतेक लोक ॲडमिन म्हणूनच बसायचे, त्यामुळे हे खपून जायचं.

एक्सपीनंतरची विंडोज व्हिस्टा आली आणि माझं खपेनासं झालं. एका ग्राहकाकडे एकाच मशीनवर दोघं जण आलटून पालटून बसत, आणि दोघांना एकाच ॲपमध्ये वेगवेगळे दर दिसायला लागले. दोन दिवस मी डेटाबेसचा कोड चाळत बसलो. माझं ॲप ३२ बिटी, त्याला मॅनिफेस्ट नव्हतं. अशा ॲपने प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायचा प्रयत्न केला की विंडोज त्याला नकार देत नाही. ती गुपचूप त्या युजरच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात फाइलची प्रत काढते आणि पुढे त्याला तीच दाखवते. दोघांच्या दोन प्रती झाल्या होत्या. बॅकअप मात्र रोज इमानेइतबारे मूळ जागच्या जुन्या फाइलचा चालू होता! तुला निदान सरळ नकार तरी मिळतोय.

तर सेटिंग्ज ॲपडेटात. युजरबरोबर दुसऱ्या मशीनवर जायला हव्यात त्या त्यातल्या रोमिंगमध्ये, कॅश आणि लॉग लोकलमध्ये. सगळ्यांची सामाईक फाइल प्रोग्रॅमडेटात ठेव, पण एकाने बनवलेली फाइल दुसऱ्या साध्या युजरला तिथे आपोआप बदलता येत नाही. त्या फोल्डरची परवानगी इन्स्टॉलरनेच लावायची. ॲडमिन हक्क मागायचे ते त्या इन्स्टॉलरने, एकदाच.

सेव्ह करताना चालू फाइलवर थेट लिहू नकोस. त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल पूर्ण लिही, मग विंडोजच्या रिप्लेसफाइल या फंक्शनने अदलाबदल कर. लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते.

ॲप 'मध्येच गोठतं' म्हणालास, त्याचं मूळही तुझ्या वेगवान मशीनने केलेल्या लाडांतच असावं. खिडकीने सुमारे ५ सेकंद संदेश उचलले नाहीत की विंडोज तिच्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग'चा शिक्का मारते. तुझ्या एसएसडीवर फाइल आहे की नाही हे बघायला क्षणही लागत नाही. तीच तपासणी बंद पडलेल्या सर्व्हरच्या पाथवर केली की बराच वेळ उत्तरच येत नाही. म्हणून डिस्क आणि नेटवर्कला हात लावणारं काहीही यूआय थ्रेडवर (खिडकी आणि बटणं सांभाळणाऱ्या धाग्यावर) नको, अगदी 'फाइल आहे का' हा प्रश्नसुद्धा. आणि रद्द करायचं बटण दे.

खिडक्या बनवायला विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ की विनयूआय यांपैकी कोणती चौकट घ्यावी, यावर तू पानभर लिहिलं आहेस. टीमला जे येतं ते घे. वरचं सगळं तिन्हींना सारखंच लागू आहे.

क्रॅशचं मात्र मनावर घे. बाहेर गेलेल्या प्रत्येक आवृत्तीची पीडीबी (पत्त्यांवरून कोडातली नावं आणि ओळी सांगणारी फाइल) जपून ठेव. तोच कोड पुन्हा बिल्ड करून काढलेली पीडीबी बहुधा जुन्या एक्झीशी जुळत नाही, आणि मग हातात डम्प (क्रॅशच्या क्षणी ॲपच्या मेमरीची घेतलेली प्रत) असून नुसते पत्ते वाचत बसावं लागतं. ज्याच्याकडे वारंवार क्रॅश होतो त्याच्या रजिस्ट्रीत, त्याला विचारून, 'लोकलडम्प्स' ही की घाल. पुढच्या क्रॅशला डम्प आपसूक डिस्कवर पडेल. डम्पमध्ये त्या माणसाची खाजगी माहितीही असू शकते, तेव्हा तो चॅटवर फिरवू नकोस.

आज एवढंच कर. स्वतःच्या मशीनवर एक साधं, बिनॲडमिन अकाउंट काढ, त्यात लॉगिन करून ॲप चालव, आणि प्रोसेस मॉनिटरमध्ये 'ॲक्सेस डिनाइड'ची जी पहिली ओळ तुझ्याच फाइलवर दिसेल ती मला पाठव. पैज हरलो तर कबूल करीन.

तुझा,
एक जुना विंडोजवाला