पडद्यावरचा काळोख कागदावर आणताना

ठाणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

चित्रपटावरून तू लिहीत असलेल्या कादंबरीची पहिली दोन प्रकरणं वाचली. भीती तुला कळते, हे पानापानावर दिसतं. पण दर दुसरा परिच्छेद 'तेवढ्यात' नाहीतर 'अचानक'ने सुरू होतो. पडद्यावरचा 'कट', म्हणजे एका दृश्यातून झटक्यात दुसऱ्यात मारलेली उडी, तसाच कागदावर उतरलाय, आणि कागदावर तो दचकवत नाही.

तू निवडलेल्या 'पॅन्स लॅबिरिंथ'ची कादंबरी झालेलीच आहे. चित्रपट 2006चा, कॉर्नेलिया फुंके आणि दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो यांची कादंबरी 2019ची. तीत मुख्य कथेच्या अधूनमधून जुन्या गोष्टी येतात, चित्रपटातल्या वस्तूंचा आणि जागांचा पूर्वेतिहास सांगणाऱ्या. पडद्यावर कप्तान विदालचं, म्हणजे ओफेलियाच्या सावत्र बापाचं, घड्याळ क्षणभर दिसलं तरी भागतं. पुस्तकात ते कुणी घडवलं इथपर्यंत मागे जाता येतं. तुझं काम झाल्यावरच ती वाच.

आधी चित्रपट सलग बघ. मग आवाज बंद करून दृश्यांची यादी कर. प्रत्येकापुढे दोनच नोंदी: हे कोण बघतंय, आणि शेवटी काय बदललं. काहीच बदललं नसेल तर ते दृश्य शेजारच्यात मिसळून टाक. दोन तासांच्या चित्रपटाला दीड-दोन हजार शब्दांची पस्तीसेक प्रकरणं पुरतात.

'कोण बघतंय' इथेच बहुतेक जण घसरतात. मेजवानीचा प्रसंग घे. ओफेलिया, चित्रपटातली छोटी नायिका, द्राक्षं खाते आणि तिच्या पाठीमागे तो फिकट राक्षस ताटलीतले डोळे उचलून तळहातांत बसवतो. आपल्याला दिसतं, तिला नाही. प्रकरण तिच्या नजरेतून असेल तर हे लिहिताच येणार नाही. मग पऱ्यांची धडपड, पाठीमागची सळसळ, एवढ्यावर भागवावं लागेल. नाहीतर पहिल्या ओळीपासून सगळं दिसणारा निवेदक घे. मधेच नजर बदललीस की भीती तिथेच संपली. शेवटी तर याहून जपून राहा: फॉन, म्हणजे तो अर्धा माणूस-अर्धा बोकड, ओफेलियाला दिसतो, विदालला नाही. तो खरा की तिच्या मनातला, याचा तिथे निवेदकाने निकाल दिला तर अख्खी कादंबरी कोसळेल.

कॅमेऱ्याला वास नसतो, तुझ्याकडे आहे. आईच्या पलंगाखाली दुधात ठेवलेलं मॅन्ड्रेक या वनस्पतीचं मूळ, त्याला रोज रक्ताचे दोन थेंब. ते दूध नासल्यावर खोलीत काय दरवळेल? सरावासाठी दिवेलागणीला उपवन तलावाच्या येऊरकडच्या बाजूला अर्धा तास बस. घरी येऊन पानभर लिही. डोळ्यांना दिसलेलं काहीही त्यात नको.

हे सगळं सरावापुरतं, वहीत ठेव. छापायचं तर रूपांतराच्या हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, 1957च्या कॉपीराइट कायद्यात त्यातून सुटका नाही.

पुढच्या वेळी मेजवानीचंच प्रकरण पाठव, दोन्ही नजरांनी वेगवेगळं लिहून.