मास्टर्ससाठी २ वर्षं जर्मनीला जायलोय, घरून खायचं काय काय न्यावं?

तुम्ही लिहिलंय की परभणीहून जायलात, २३ किलोच्या २ बॅगा आहेत आणि घरचे म्हणायलेत डाळ तांदूळ पीठ सगळं भरून घ्या. मी अंबाजोगाईची, २०१७ ते २०१९ माग्देबुर्गला शिकायला होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डाळ तांदूळ अजिबात नेऊ नका. आमच्याकडं पण ह्यावरनं लै वाद झाला होता, आईनं ४ किलो तूरडाळ भरलीच आणि तिथं गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात इंडियन दुकानात तूरडाळ, पोहे, कणीक, हिंग सगळं मांडून ठेवलेलं दिसलं, थोडं महाग पण मिळतं. कोथिंबीर, भेंडी, छोले टर्किश दुकानात मिळतात. ते ४ किलो दुसऱ्या कशाला तरी वापरता आले असते ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरं कशाला, तर येसर आणि काळं तिखट. ही दोन जगात कुठल्याच दुकानात आपल्या घरच्यासारखी मिळत नाहीत. तुम्ही लग्नात येसर आमटी खाल्लीच असेल पण होस्टेलवर येसरची खरी किंमत कळते. गहू, हरभऱ्याची डाळ, थोडे तांदूळ, धने जिरे वेगवेगळं भाजून दळलेलं असतं, त्यामुळं डाळ शिजवायची गरज नाही, कुकर नको. २ चमचे येसर गार पाण्यात कालवायचं, गुठळ्या मोडायच्या, लसणाची फोडणी करून त्यात काळं तिखट टाकायचं आणि हे पाणी ओतून १० मिनिटं उकळू द्यायचं, झाली आमटी. डिसेंबरमधे तिथं ४ वाजताच अंधार पडतो, लायब्ररीतून थंडीत भिजून आल्यावर मी कितीतरी दिवस फक्त येसर आमटी आणि भात खाल्लाय. मी २ किलो येसर आणि दीड किलो काळं तिखट नेलं होतं, तिखट ११ महिने पुरलं.

तिखट करताना घरी एक सांगा की ह्या वेळी कांदा घालू नका, कांद्यात ओल राहिली की २-३ महिन्यांत बुरशी येते, सुकं खोबरं आणि लसूण पण कडक भाजून घ्या. आणि तुमचं विमान दुबईवरून असेल तर मसाल्यात खसखस नको, यूएईमधे खसखशीवर बंदी आहे, तिथं नुसतं विमान बदलायचं असलं तरी रिस्क कशाला घ्यायची. खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या पण बऱ्याच एअरलाइन्स बॅगेत घेत नाहीत, त्या पेट घेऊ शकतात म्हणून.

आता जे नेताच येत नाही ते नीट वाचा. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मटणाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, खवा, बर्फी काहीच नाही, पाव किलो सुद्धा नाही. मला हे माहीत नव्हतं. आजीनं कढवलेलं तूप आणि मामानं खास जाऊन आणलेले कुंथलगिरीचे पेढे माझ्या डोळ्यासमोर कचऱ्याच्या डब्यात गेले आणि मी तिथं उभ्या उभ्या रडले. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, केसर आंबे हे पण नको, २०१९ च्या डिसेंबरपासून ताज्या फळांना, भाज्यांना कीड-रोग नसल्याचं सरकारी सर्टिफिकेट (फायटोसॅनिटरी) लागतं, नारळ केळी अशी चार-पाच फळं सोडून. कढीपत्ता सावलीत वाळवून न्या.

तुपाची काळजी करू नका, सुपरमार्केटमधे बुटरश्माल्ट्स म्हणून डबा मिळतो ते तूपच आहे जवळजवळ, नाहीतर बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या पाकिटात येतं ते कढवा, घरभर आपलाच वास येतो. क्वार्क म्हणून मिळतं ते चक्क्यासारखं, रात्रभर फडक्यात बांधलं की श्रीखंड होतं. जिरे घेताना क्रॉइट्सक्युमेल बघून घ्या, नुसतं क्युमेल लिहिलेलं वेगळं असतं, मी तेच आणलं आणि महिनाभर वरणाला औषधासारखी चव. आणि जवस! आपण चटणीला वापरतो ते जवस तिथले लोक पावात घालून खातात, कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतं. त्यामुळं जवसाची चटणी नेण्यापेक्षा तिखट न्या आणि तिथं ताजी करा. शेंगदाण्याची चटणी जास्त नेऊ नका, महिना-दीड महिन्यात खवट वास येतो.

ज्वारीचं पीठ मी २ किलो नेलं. पीठ जुनं झालं की विरी म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना फाटते, म्हणून तिथं पोचल्याबरोबर पिशव्या करून फ्रीजरमधे टाका आणि उकळत्या पाण्यात मळा. होस्टेलला गॅस नसतो, काचेची इलेक्ट्रिक शेगडी असते, जाळावर शेकता येत नाही, तव्यावरच फडक्यानं दाबून दाबून शेकायची. फुगते, पण पंधरा-वीस भाकरी बिघडल्यावर.

धपाटे पण न्या, पाण्यात मळलेले, कांदा न घालता, ४-५ दिवस टिकतात. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात आणि मी शनिवारी रात्री पोचले होते, तो पूर्ण रविवार धपाट्यांवर गेला.

शेवटचं म्हणजे जायच्या आधी आईजवळ बसून प्रमाण लिहून घ्या. आई म्हणणार अंदाजानं घालते, तर ती घालताना तुम्ही वाटीतलं काट्यावर मोजा. माझं येसर दुसऱ्या थंडीत संपलं तेव्हा त्याच वहीवरनं मी तिथं केलं, आई व्हिडिओ कॉलवर रंग बघत होती, अजून भाज, अजून भाज, आता काढ. मिक्सर इथलाच चालतो, व्होल्टेज सारखंच आहे, फक्त पिनचा अडॅप्टर घ्या.