आमदाराच्या ऑफिसचं लाइटबिल कोण भरतं?

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की संपर्क कार्यालयात मिळणारा चहा फुकट नसतो, तो कोणीतरी पाजत असतो. झालं, त्यावर एवढे मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. आंब्याच्या विम्याबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा, प्लीज.

प्रश्न : भाऊ, आमच्या तालुक्याला आमदारांचं संपर्क कार्यालय आहे. दोन खोल्या, एसी, तीन पोरं कामाला, झेरॉक्स मशीन, दिवसभर चहा चालू. हे सगळं सरकारी पैशातून चालतं का? आमच्या कट्ट्यावर यावरून दोन पार्ट्या पडल्यात, अर्धे म्हणतात सगळं आपल्या टॅक्सचं, अर्धे म्हणतात साहेब खिशातून घालतात. (एक वाचक, गुहागर)

दोन्ही पार्ट्या अर्ध्या अर्ध्या बरोबर आहेत, भांडत बसू नका. घटनेच्या कलम १९५ प्रमाणे आमदारांचे पगार-भत्ते राज्याचं विधिमंडळ कायदा करून ठरवतं, म्हणजे आमदारच आमदारांचे ठरवतात, आणि आपल्याकडे तो कायदा १९५६ सालचा आहे, त्यात अधूनमधून वाढ होत राहते. मोठी वाढ झाली ऑगस्ट २०१६ मध्ये, तेव्हा मूळ पगार प्रधान सचिवाच्या पगाराला बांधून टाकला. आता पगार तो पगार, तो घरचा, त्यावर मी आज बोलत नाही. ऑफिससाठी म्हणून जे मिळतं ते वेगळं: टेलिफोनचे महिना ८,०००, स्टेशनरी आणि टपालाचे १०,०००, कॉम्प्युटर ऑपरेटरचे १०,०००. शिवाय पीए. त्याचा पगार २५,००० होता, तो मार्च २०२२ मध्ये ३०,००० केल्याचं अजित पवारांनी सभागृहात जाहीर केलं, त्याच वेळी ड्रायव्हरचे १५,००० चे २०,००० झाले. ड्रायव्हर सोडून बेरीज करा, ५८,००० होतात.

आता तुमच्या त्या ऑफिसचा हिशेब मांडा. पीए आणि ऑपरेटर निघाले, कागद-शाई निघाली, फोन निघाला. उरलेली दोन पोरं? एसीचं बिल? गाळ्याचं भाडं? आणि तो चहा, रोज शंभर माणूस येत असेल तर चहाचं बिलच महिन्याला कुठल्या कुठे जातं! वरच्या यादीत भाड्याच्या नावाचा हेडच नाही बघा. तेव्हा सरकारी पैशातून ऑफिसचा एक भाग चालतो, आणि बाकीचा कुठून चालतो हे खाली येतंच आहे.

राज्याच्या तिजोरीला हे केवढ्याला पडतं तेही काढून बघितलं. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ असे ३६६ सदस्य धरले (मंत्र्यांचा स्टाफ वेगळा असतो, ते जाऊ दे), प्रत्येकी ५८,००० म्हणजे वर्षाला साधारण साडेपंचवीस कोटी. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटीच्या आसपास होती. माणशी वर्षाला सव्वादोन रुपये पडले. एवढ्यात चिपळूणच्या स्टँडवर अर्धी कटिंगपण येत नाही.

प्रश्न : सव्वादोन रुपये कसले, पाच कोटी आमदार निधी मिळतो ना दरवर्षी? त्यातूनच ऑफिस, गाडी, बॅनर सगळं भागवतात. (देवरुख)

नाही हो. हा गैरसमज इतका पसरलाय की मी तहसील कचेरीत नोकरीला होतो तेव्हा आमच्या शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत सगळे हेच धरून चालायचे. आमदार निधी म्हणजे स्थानिक विकास निधी, त्यातला एक रुपया आमदाराच्या खात्यात येत नाही. तो कलेक्टर ऑफिसात जिल्हा नियोजनकडे असतो, आमदार फक्त पत्र देतो की अमुक वाडीची पाखाडी (दगडी पायवाट) घ्या, तमुक ठिकाणी संरक्षक भिंत घ्या, मग एस्टिमेट, मंजुरी, टेंडर, आणि काम करणार बांधकाम खातं नाहीतर झेडपी. २०२० पर्यंत २ कोटी होता, तिथून वाढत २०२२ ला ५ कोटी झाला. खासदारांचा तसाच ५ कोटींचा निधी असतो, डिसेंबर १९९३ पासून चालू आहे. त्यात कामं कोणाला मिळतात, पाखाडी दोन पावसाळ्यात का उखडते, हे प्रश्न खरेच आहेत, पण ते टेंडरचे प्रश्न आहेत. ऑफिसच्या खर्चात ते मिसळलं की दोन्हीकडचा हिशेब बिघडतो, आणि ज्याला विचारायचं तो आरामात सुटतो.

खासदारांचं विचारलं नाहीत तरी सांगून टाकतो. २०१८ मध्ये मतदारसंघ भत्ता ७०,००० आणि ऑफिस खर्च ६०,००० केला होता, त्या ६० मधले ४०,००० मदतनिसाच्या पगाराचे आणि २०,००० स्टेशनरी-टपालाचे. मदतनिसाचे पैसे थेट त्या माणसाला जातात, हे मला आवडतं. मार्च २०२५ मध्ये जी वाढ निघाली, १ एप्रिल २०२३ पासून मागे लावून, त्यात हे आकडे ८७,००० आणि ७५,००० झाले. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गचा खासदार म्हणजे चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत सहा विधानसभा. एक ऑफिस रत्नागिरीत उघडलं तर दोडामार्गचा माणूस पहाटेची एसटी पकडून येणार का? त्यामुळे दोन-तीन ठिकाणी बोर्ड लागतात, आणि बोर्ड लागला म्हणजे माणूस बसतोच असं नाही.

प्रश्न : माका एकच सांगा, आमच्या हयसरचा हापिस उघडा कधी आसता? तीन येळा गेलंय, तीनय येळा कुलूप. चौथ्या येळेक पोरगो होतो तो म्हणता सायेब मुंबयक गेले, गणपतीक येतले. (मालवण तालुका)

गणपतीक येतले म्हणजे येतले हां, त्यात वाद नाही.

कधी उघडं ठेवायचं याचं कुठे बंधन दिसत नाही ना, तिथेच घोळ आहे. भत्ता ठोक मिळतो. ऑफिस रोज दहा ते सहा उघडं असो की महिन्यातून एकदा, स्टेशनरीचे १०,००० तेवढेच. पोस्टाच्या दारावर वेळ लिहिलेली असते, रेशन दुकानावर लिहिलेली असते, तलाठ्याच्या सजेवर सुद्धा वार लिहिलेले असतात (बसत नाही ही गोष्ट वेगळी). संपर्क कार्यालयावर फक्त फोटो असतो. हसणारा.

दादा, तुम्ही काम काय होतं ते लिहिलं नाहीत, पण दाखल्याचं वगैरे असेल तर आमदाराच्या दारात जाऊच नका. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं आहे, नाही दिला तर अपील आहे. शिफारसपत्राने दाखला लवकर येतो ही समजूत आपणच वाढवलेली आहे. माझ्या टेबलावर अशी पत्रं यायची, मी ती फाइलला टाचून ठेवायचो आणि अर्ज नंबरानेच काढायचो. सगळेच तसं करायचे असं म्हणणार नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. मार्च २०२२ मध्ये आपल्या रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले आणि पुढे कितीतरी दिवस निवडणुकाच नाहीत. पूर्वी जो माणूस झेडपी मेंबरच्या ओटीवर जाऊन नळाचं रडगाणं सांगायचा तो पण आमदाराच्या ऑफिसात यायला लागला. जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात, किंवा त्याआधी निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगरला, पंचनाम्यासाठी लोकांनी जायचं कुठे? तिथे जे ऑफिस उघडं होतं, मग कुठल्या का पक्षाचं असेना, ते लोकांना अजून आठवतंय.

प्रश्न : आमच्याकडचं संपर्क कार्यालय एका कॉन्ट्रॅक्टरच्या गाळ्यात आहे, भाडं नाही घेत तो. पोरांचे पगारपण तोच देतो असं ऐकतो. यात गैर काय, जनतेचेच पैसे वाचले ना? (नाव छापू नये, रत्नागिरी)

हा प्रश्न वाचून मी चहा गार होईपर्यंत बसून होतो.

बघा, समजा त्या गाळ्याचं भाडं महिना पंधरा हजार. पोरांचे पगार धरून चाळीस. वर्षाचे झाले चार लाख ऐंशी हजार. हे चार लाख ऐंशी जर तिजोरीतून गेले असते तर पेपरात आलं असतं, तुम्ही-आम्ही नाकं मुरडली असती, बघा म्हणून यांचे लाड. आता ते कॉन्ट्रॅक्टर देतो म्हणून आपण खूश. पण तो काही अन्नछत्र घालून बसलेला नाही. ते चार लाख ऐंशी तो कुठल्यातरी रस्त्याच्या खडीतून काढणार, दोन इंचाच्या जागी दीड इंच डांबर घालून काढणार, आणि रस्ता दोन कोटींचा असेल तर त्याला ते काढायला एक वाडीसुद्धा पुरते. म्हणजे भाडं आपणच भरलं, फक्त पावती मिळाली नाही. वर आणखी त्या ऑफिसात तुम्ही त्याच रस्त्याची तक्रार घेऊन गेलात तर अर्ज कोण घेणार, तर ज्याचा पगार तो कॉन्ट्रॅक्टर देतो तो पोरगा.

तुमचा गाळेवाला असाच आहे असं मी म्हणत नाही, असेल बिचारा साहेबांचा बालमित्र. पण मला विचाराल तर ऑफिसचा पूर्ण खर्च सरकारने उघडपणे करावा या मताचा मी आहे, भाड्यासकट, आणि त्यासाठी सव्वादोनचे पाच रुपये झाले तरी द्यायला मी तयार आहे. माझ्या घरात हे कोणाला पटत नाही. बायको म्हणते पाच दिले तर पाचही खातील आणि गाळापण ठेवतील. तिचं म्हणणं अगदीच खोडता येत नाही, म्हणून ठोक भत्ता नको, बिल लावा आणि घ्या, एवढी अट मी घातली आहे. घरापुरती.

प्रश्न : भाचा इंग्लंडला असतो, तो म्हणतो तिकडे खासदाराच्या ऑफिसचा प्रत्येक खर्च नेटवर दिसतो. खरं का? (अलिबागहून एक ताई)

खरं आहे ताई, पण ते लोक जन्मतः साधू नव्हते. २००९ साली तिथे खासदारांच्या खर्चाची मोठी भानगड बाहेर आली, एकाने तर तळ्यातल्या बदकांच्या घराचं बिल लावलं होतं (पास झालं नाही ते). त्यावरून इप्सा नावाची स्वतंत्र संस्था आली. आता खासदाराच्या मतदारसंघातल्या ऑफिसला वेगळं बजेट, स्टाफला वेगळं, स्टाफचा पगार संस्था परस्पर करते, बाकीचं पावती दाखवली तरच, आणि ते सगळं लोकांना बघायला ठेवतात. २०१७ च्या निवडणुकीपासून नवीन खासदारांना बायको-मुलगा स्टाफवर घेता येत नाही. आपल्याकडे हा नियम आला तर काही ऑफिसांत फक्त खुर्च्या उरतील.

एवढ्या लांबही जायला नको. तामिळनाडूत आमदाराचं ऑफिस ही सरकारने बांधलेली इमारत असते, तेलंगणातही मतदारसंघात सरकारने कॅम्प ऑफिसं बांधली. हरलेला आमदार चावी देऊन जातो, नवीन त्याच जागेत बसतो, लोकांना पत्ता शोधावा लागत नाही. आमच्या तालुक्यात मागच्या पंधरा वर्षांत संपर्क कार्यालय चार वेळा हललंय, एकदा तर पेढीच्या माडीवर होतं, म्हातारी माणसं खालूनच हाका मारायची.

प्रश्न : आमच्या आमदाराने स्टेशनरीचे पैसे कशावर घातले हे माहितीच्या अधिकारात मिळेल का? कुठे अर्ज करायचा? कलेक्टरकडे केला तर त्यांनी परत पाठवला. (देवगड)

परत पाठवायला नको होता, कायद्याप्रमाणे त्यांनी तो ज्याचा आहे त्या खात्याकडे पाच दिवसांत पाठवायचा असतो. असो. निधीच्या कामांची माहिती हवी असेल तर कलेक्टर ऑफिसातला जिल्हा नियोजन अधिकारी, तुम्हाला ओरोस, म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण पडेल. भत्त्यांची हवी असेल तर जन माहिती अधिकारी, महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. आपल्या राज्यात एक अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, पुष्कळ लोक इथेच आपटतात, रस्त्यापासून रेशनपर्यंत सगळं एकात लिहितात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

आता शब्द कसे वापरायचे ते सांगतो. "पैसे कशावर घातले" असं विचारलंत तर भत्ता ठोक आहे, तपशील ठेवला जात नाही असं एका ओळीत उत्तर येऊ शकतं. त्यापेक्षा असं विचारा: अमुक सदस्यांना अमुक आर्थिक वर्षात टेलिफोन, टपाल-स्टेशनरी, संगणक चालक आणि स्वीय सहायक यासाठी दरमहा किती रक्कम दिली, स्वीय सहायकाची रक्कम कोणाच्या नावे दिली, आणि खर्चाची बिलं घेण्याची तरतूद आहे की नाही, असल्यास त्या नियमाची प्रत. शेवटचा प्रश्न गाळू नका. उत्तर आलं की त्याचा फोटो मला पाठवा, तुमचं नाव न घालता छापतो.