ताई, भांडं नाही ठेवलं?

पंचवटी, नाशिक
रविवार, रात्र

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "मावशी, काही झालेलं नाहीये, नुसतं बरं वाटत नाही." आणि लगेच, "जाऊ दे, तुम्ही जेवलात का?" मी जेवले होते. पण तुझ्या त्या 'जाऊ दे'नं रात्रभर पाठ सोडली नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तू वरच्या खोलीत राहत होतीस तेव्हापासून बघतेस. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, त्याचाच परिणाम असावा. म्हणून हे पत्र.

तू उदास आहेस हे खरं, एकटी आहेस हेही खरं. पण एकटी आहेस म्हणूनच उदास आहेस, हे तू परस्पर ठरवून टाकलंस, आणि सगळं गोत त्याला दुजोरा द्यायला बसलंय. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू होतात आणि प्रत्येक मांडवात कुणीतरी विचारतंच, "मग, यंदा कर्तव्य आहे का?" दहा जणांनी विचारलं की आपल्यालाही वाटायला लागतं, सगळ्या दुखण्यांवर हेच एक औषध. मी साठी ओलांडली, लग्न केलं नाही. माझ्या बरोबरीच्या बहुतेकींनी केलं. वाईट दिवस त्यांनाही आले, मलाही आले. त्यांना रडायला मोरीत जाऊन नळ सोडावा लागायचा, मला तेवढी सोय होती. जोडीदार हवासा वाटतो यात गैर काहीच नाही, जरूर शोध. फक्त तो मिळेपर्यंत बरं वाटणं शिल्लक टाकू नकोस.

माझी एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. साल १९८६. मी ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायच्या कचेरीत, ऑपरेटर, बहुतेक रात्रपाळी. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि रात्रभर कुणाच्या ना कुणाच्या घरचं सुखदुःख. "तीन मिनिटं झाली, वाढवू?" हे वाक्य मी झोपेतही म्हणायची. सकाळी वाड्यातल्या खोलीवर यायचं, कुलूप काढायचं, की दुसऱ्या रात्रीपर्यंत तोंडातून शब्द नाही. निजताना एक पातेलं उंबऱ्याबाहेर ठेवायची, वर ताटली, ताटलीवर दगड, मांजरीनं तोंड घालू नये म्हणून. गवळी पहाटे त्यात अर्धा लिटर दूध ओतून जायचा. त्याचं तोंडही मी महिन्यातून एकदाच बघायची, पैसे द्यायला.

एकदा तापानं पडले. दोन दिवस उठवलं नाही. एक्स्चेंजमध्ये माझी रजा मांडली गेली, विषय संपला. तिसऱ्या पहाटे दार वाजलं. "ताई, भांडं नाही ठेवलं? काल पण नव्हतं." एवढंच. मग त्यानंच खाली मालकीणबाईंना उठवलं, त्यांनी पेज आणून दिली, डॉक्टर येऊन गेले. पण मला ती पेज आठवत नाही. आठवतं ते 'काल पण नव्हतं'. अख्ख्या नाशकात माझं नसणं एका माणसानं मोजलं होतं, तेही पातेल्यावरून.

तापातून उठल्यावर मी तशा जागा जमवायला लागले, जिथे आपण गेलो नाही तर कुणी विचारेल. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. १८४० सालची संस्था ती, पण मी काही इतिहासाच्या ओढीनं गेले नव्हते. रोज त्याच वेळी त्याच टेबलाशी बसायला गेले होते. दीड महिना कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग समोर बसणारे एक आजोबा वर्तमानपत्राचं कोड्याचं पान न बोलता माझ्याकडे सरकवू लागले. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, १९२२ पासूनची. तिथे गेलीस तर बघ, निम्मी मंडळी आपापल्या ठरलेल्या जागेवर बसायला येतात, वक्ता कोण आहे हे त्यांना घरी गेल्यावर कळतं. मला त्यांचं हसू यायचं. आता मीही त्यातलीच.

यात खुबी एकच आहे, आणि ती तुमच्या पिढीला जड जाते. जागा तीच हवी, वार तोच, वेळ तीच. कॉलेज रोडच्या प्रत्येक कॅफेत एकेकदा गेलीस तर शंभर कप रिचवूनही तू नवखीच राहशील. गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात मात्र एकाच बाईकडून चार बुधवार मेथी घे. पाचव्या बुधवारी चुकलीस तर सहाव्याला ती म्हणणारच, "मागच्या टायमाला दिसल्या नाय?" तिला तुझं नावही ठाऊक नसतं. लागतही नाही.

तू म्हणशील, जायचा उत्साह तर हवा! तो आधी येत नाही गं. उत्साह आला की बाहेर पडेन म्हणणारा माणूस पांघरुणातच राहतो. आधी चपला, मग उत्साह. नैराश्यावर उपचार करणारेसुद्धा हेच सांगतात की आधी छोटी छोटी कामं ठरवून हातात घ्या, मन मागून येतं. रविवारची संध्याकाळ तुला खाते ना? मग ती शनिवारीच कुणाला तरी कबूल करून टाक. रविवारी चार वाजता ठरवायला बसलीस तर मोबाईल जिंकणार, आणि त्यात कुणाचा तरी साखरपुडा असणारच.

पाथर्डी फाट्यावरून पांडवलेणी तुला किती लांब? सकाळी ऊन कोवळं असताना पायऱ्या चढून जा. चोवीस लेणी आहेत, पण विहारांत जरा रेंगाळ. मधे एक मोठं दालन आणि त्याच्या तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या चिमुकल्या खोल्या, सगळ्यांची दारं त्या एकाच दालनात उघडणारी. ज्यांनी संसार सोडला त्यांनीही शेजार सोडला नव्हता, दोन हजार वर्षांपूर्वी. हे मला पन्नाशीत दिसलं. त्याआधी दहा वेळा गेले होते ते नुसतं घाम काढायला.

आणि कढईतून उभ्यानं जेवू नकोस. ताट घे, वाढ, खाली बस. लिंबाची फोडसुद्धा ठेव. पाहुण्यासाठी करतेस ना एवढं?

आता जरा वेगळं. पावसाळ्यात आपल्याकडे पुराचं पाणी कुणी फुटांत विचारत नाही, गोदेच्या पात्रातल्या मूर्तीवरून "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" असंच विचारतात. स्वतःलाही तसंच विचारत जा. गुडघ्यापर्यंत असेल तर वर लिहिलेलं सगळं पुरेल. पण दोन आठवडे रोजच जड वाटतंय, झोप नि भूक बिघडलीय, आवडीचंही नको झालंय, असं असेल तर पाणी छातीशी आलं समज आणि डॉक्टरांकडे जा. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घे, त्यांच्या गडबडीनंही मन असं बसतं. तू तर अंडंही खात नाहीस. आणि कधी जगणंच नको वाटलं तर माझं दार वाजव, वेळ बघू नकोस. मी लांब असेन तर १४४१६ फिरव. टेलि-मानस आहे, सरकारी, फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलतात. पलीकडे रात्रपाळीला बसलेला माणूस काय असतो ते मला ठाऊक आहे. तो खरंच वाट बघत असतो.

येत्या बुधवारी साडेसहाला मी गंगेवर आहे. मेथीच्या दोन जुड्या घेईन, एक तुझी. सातपर्यंत दिसली नाहीस तर फोन करीन, नीट बोलता आलं नाही तरी.

तुझी,
मावशी