गाडी दारात, आरसी दुसऱ्याच्या नावावर

प्रश्न : भोसरीच्या एका कारखान्यात मी डिस्पॅच सांभाळत होतो. युनिट बंद झालं, नोकरी गेली. चाकण, रांजणगावच्या व्हेंडरांना रात्री-अपरात्री ‘अर्जंट गाडी’ लागते आणि तिचं भाडं चांगलं मिळतं, हे मला माहीत होतं. म्हणून बंद बॉडीची 2018 ची जुनी टाटा एस घ्यायचं ठरवलं. एजंटमार्फत 3,40,000 ला सौदा झाला. 2,40,000 बँकेतून आणि 50,000 रोख दिले, उरलेले 50,000 एनओसी (कर्ज फिटल्याचं फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र) मिळाल्यावर द्यायचे होते. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे. मालकानं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, “दोनच हप्ते राहिलेत, महिन्यात एनओसी आणून देतो.” नोटरी केलेला करारनामा आणि त्यानं सह्या केलेले कोरे टीटीओ फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) माझ्याकडे आहेत. तीन महिने मी भाडी मारतोय. परवा वाळूजला जाताना वसुलीवाल्यांनी गाडी अडवली. 1,86,000 थकबाकी आहे म्हणाले. आत एका कंपनीचा माल होता, गयावया केल्यावर आठ दिवसांची मुदत देऊन सोडलं. मालक फोन उचलत नाही. ते गाडी नेऊ शकतात का? माझं लायसन्स फक्त एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं आहे, ते चालेल का? एक कंपनी वर्षाचा करार करायला तयार आहे, पण त्यात उशिराचा दंड आहे. सही करू का?

उत्तर : पहिली गोष्ट आज संध्याकाळपर्यंत करा. पुढची भाडी थांबवा आणि गाडी उभी करा. घर या भाड्यांवर चालतंय, हे मी जाणून आहे. तरीही हे सांगतो, कारण तुमच्या पत्रात थकबाकीपेक्षा मोठा एक धोका आहे आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

गाडी तुम्ही चालवता, पण आरसी आणि विमा दोन्ही जुन्या मालकाच्या नावावर आहेत. व्यापारी गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकासाठी 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते ज्याच्या नावावर गाडी आणि पॉलिसी आहे, त्याच्यासाठी असतं. रात्री दोन वाजता नगर रोडवर तुम्हाला काही झालं, तर तुमच्या बायको-मुलांना त्यातून पैसे मागता येणार नाहीत. गाडीच्या नुकसानीचंही तसंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे गाडी विकल्यावर तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं संरक्षण नव्या मालकाकडे येतं. पण गाडीचं स्वतःचं नुकसान भरून मिळायला विमा कंपनीशी तुमचा स्वतःचा करार हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्येच म्हटलं आहे. पॉलिसीवर नाव बदलण्याचा अर्ज हस्तांतरापासून 14 दिवसांत करायचा असतो. तुम्हाला तीन महिने झाले.

आता फायनान्स कंपनीचं. मालकानं कर्ज काढताना जो करार केला, त्यात हप्ते थकले तर गाडी ताब्यात घेण्याचं कलम बहुतेक वेळा असतं आणि न्यायालयं ते मानतात. “मी पैसे मोजून घेतली” हा बचाव इथे टिकणार नाही, कारण बोजा आरसीवर छापलेला होता आणि तो पाहूनच तुम्ही सौदा केला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे बोजा असलेली गाडी कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. म्हणजे ते गाडी नेऊ शकतात. मात्र कशी न्यायची याला मर्यादा आहेत. गुंड पाठवून, दमदाटी करून, चालकाला खाली ओढून गाडी नेता येत नाही. प्रकाश कौर खटल्यात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बँकेला यावरून कडक शब्दांत सुनावलं होतं. पुन्हा कोणी अडवलं तर ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा, फोटो काढा, जबरदस्ती होतेय असं वाटलं तर 112 ला फोन करा. हातघाईवर येऊ नका. गाडी गावी नेऊन लपवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. आज या प्रकरणात तुम्ही फसलेला माणूस आहात, ती बाजू स्वतःच्या हातानं घालवू नका.

गाडीतल्या मालावर मात्र त्यांचा काडीचाही हक्क नाही. बोजा गाडीवर आहे. माल भरलेला असताना गाडी नेलीच, तर जागच्या जागी मालाची यादी करून त्यावर सही घ्या आणि माल पाठवणाऱ्याला त्याच मिनिटाला कळवा. माल तुमच्या ताब्यात असताना गेला, तर जाब ते तुम्हालाच विचारणार. गाडी उभी करा म्हणतोय त्यात हेही कारण आहे.

थोडा हिशेब मांडू. 2,90,000 तुम्ही देऊन बसलात. कंपनीचे 1,86,000 भरले तर एकूण 4,76,000 होतात, म्हणजे सौद्यापेक्षा 1,36,000 जास्त. हे ऐकायला जड आहे. पण नाही भरले तर गाडी यार्डात जाईल, लिलाव होईल आणि 2,90,000 साठी तुम्ही अशा माणसामागे धावत राहाल जो फोनही उचलत नाही. इंजिन, चेसिस आणि बॉडी खरोखर चांगली असेल, तर 1,86,000 भरून 3,40,000 ची गाडी मोकळी करून घेणं मला शहाणपणाचं वाटतं. तुमच्याकडे राखून ठेवलेले 50,000 त्यातच जातील. ते आता मालकाला देऊ नका.

पैसे भरण्याआधी कंपनीच्या शाखेत स्वतः जा. वसुलीवाल्याशी व्यवहार नको, रोख तर अजिबात नको. कर्ज आज बंद करायचं तर किती, याचं लेखी पत्रक मागा. ते सहसा कर्जदारालाच मिळतं, त्यामुळे मालकाचं संमतीपत्र लागेल. त्याबद्दल खाली सांगतो. दंडव्याज आणि वसुली खर्चात सूट मागा. लिलावात जुन्या टेम्पोला फारसा भाव येत नाही, हे कंपनीलाही ठाऊक असतं, त्यामुळे घासाघीस करायला वाव असतो. एक प्रश्न न विसरता विचारा : या माणसाचं तुमच्याकडे दुसरं कर्ज आहे का, किंवा तो कोणाला जामीन आहे का? असेल तर हे कर्ज फिटल्यावरही एनओसी अडवतात. या गाडीचं कर्ज फिटताच एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 देऊ, असं पत्र किंवा ईमेल हातात आल्यावरच रक्कम कर्ज खात्यात बँकेतून भरा.

कोऱ्या टीटीओ फॉर्मवर फार विसंबू नका. फॉर्म 29 च्या दोन प्रती, फॉर्म 30 आणि फॉर्म 35 लागतात. पण आता वाहन पोर्टलवरून अर्ज करताना ओटीपी अनेकदा जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातो. तो माणूस समोर हवाच. आणि त्याला आणायला तुमच्याकडे चांगलं कारण आहे. नवीन कुमार खटल्यात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गाडी कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे नाव बदलेपर्यंत तोही टांगणीला आहे. वकिलामार्फत नोटीस पाठवा. सात दिवसांत कर्ज बंद करण्याला संमती द्यावी, हस्तांतराच्या सह्या कराव्यात आणि 1,36,000 परत करावेत, असं त्यात लिहा. नवीन कुमार निकालाचा उल्लेख त्यात ठळकपणे असू द्या. या एका मुद्द्यावर बंद असलेले फोन पुन्हा सुरू होतात.

तरीही नाहीच आला, तर कंपनीला लेखी प्रस्ताव द्या. कलम 51 प्रमाणे कंपनी गाडी ताब्यात घेऊन फॉर्म 36 वर आरसी स्वतःच्या नावावर करून घेऊ शकते आणि नंतर तुम्हाला विकू शकते. वेळ जास्त लागतो, पण कागद स्वच्छ होतात. या वाटेनं गेलात तर गाडी पावतीशिवाय आणि प्रस्तावाच्या लेखी उत्तराशिवाय देऊ नका.

पोलिसांत जायचं का, असंही तुमच्या मनात असेल. बोजा तुम्हाला माहीत होता, म्हणून ठाण्यात “हा दिवाणी वाद आहे” असं ऐकावं लागेल. तुमचं बळ त्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये आहे. दोन हप्ते राहिलेत असं लिहिलं तेव्हा प्रत्यक्षात ढीगभर थकले होते, हे कर्ज खात्याच्या उताऱ्यावरून दिसलं, तर खोटं सांगून पैसे काढल्याचा पुरावा होतो. तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली फसवणुकीची तक्रार उभी राहते. ठाण्यात घेतली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे आणि मग दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका.

एजंटनं कमिशन घेतलं असेल तर त्याला सोडू नका. धंद्यासाठी गाडी घेतली म्हणजे ग्राहक न्यायालय बंद, असं लोक समजतात. पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त येत नाही. गाडी तुम्ही स्वतः चालवता, हे तक्रारीत पहिल्या परिच्छेदात लिहा. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही.

लायसन्सची चिंता सोडा. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही लायसन्स पुरतं, वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 ला दिला. टाटा एसचं एकूण वजन तीन टनांच्या आत असल्यानं परमिटही लागत नाही. पासिंग, म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, मात्र पाहा : आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी.

आता तो करार. नाव चढेपर्यंत सही नको, कारण त्यात गाडी तुमच्या मालकीची असल्याचं लिहिलेलं असणार आणि ते आज खरं नाही. कंपनीला महिनाभराची मुदत मागा. पाठवलेल्या मसुद्यात तासाला 1,000 दंड आणि ‘लाइन (म्हणजे कारखान्याचं उत्पादन) थांबल्यास संपूर्ण नुकसान वाहतूकदाराकडून’ असं आहे. दंड एक वेळ मान्य करू, पण दुसरं वाक्य काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोठ्या कारखान्याची लाइन तासभर थांबली, तर नुकसानीचा आकडा तुमच्या गाडीच्या किमतीपुढे कितीतरी मोठा असतो. करार कायद्याच्या कलम 74 मुळे वाजवीपेक्षा जास्त भरपाई मिळू नये हे खरं, पण ते सिद्ध करायला कोर्टात उभं राहावं लागतं आणि तोवर कंपनी तुमची बिलं अडवून बसते. म्हणून करारातच लिहून घ्या : एका फेरीतली एकूण जबाबदारी त्या फेरीच्या भाड्यापेक्षा जास्त नसेल, वेळ गेट-आउटच्या शिक्क्यापासून मोजला जाईल आणि लोडिंगचा उशीर, रस्ता बंद, ई-वे बिलातल्या चुकीमुळे गाडी अडवणं हे तुमच्या माथी येणार नाही. मालाचा विमा कंपनीनं काढायचा.

पेमेंटसाठी मसुद्यात 90 दिवस आहेत. करार करण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल, लेखी करार काहीही म्हणो, 45 दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. उद्यमचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.